तीनदा धुतलेली पानं

तुम्ही मारलंत तिला, साहेब — पानांच्या पाकिटाच्या कोपऱ्यात बारीक काळ्या ठिपक्यांनी उमटवलेला आकडा बर्फाच्या पापुद्र्याखालून अंगठ्याने घासून मोकळा करता करता ती मनात म्हणाली. लॉट चारशे सतरा, सकाळपाळी. तुम्ही मारलंत, आणि वर नोटीस काढलीत : ‘केवळ खबरदारीचा उपाय म्हणून हा माल परत मागवण्यात येत आहे.’ खबरदारी! म्हातारीला स्मशानात पोचवून आल्यावर तिसऱ्या दिवशी सुचलेली. बैल गेला नि झोपा केला, आणि तोही असा की बैल आमच्या गोठ्यातला नव्हताच, असं सांगायला मोकळे.

“ते फ्रीजरमधलं टाकलंस का एकदाचं?” नवऱ्याने दाढी करता करता विचारलं. आई गेल्यापासून तो त्या पाकिटाकडे बघतही नसे. बर्फ काढायचा तरी तिला हाक मारी.

“आज टाकते,” ती म्हणाली, आणि पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून जेवणाच्या डब्याखाली पिशवीत ठेवलं. खोटं बोलली नव्हती ती. कुठे टाकणार, एवढंच सांगितलं नव्हतं.

बसमध्ये पिशवीचा गारवा मांडीला लागत राहिला आणि म्हातारी मनात आलीच. तिला बोलावणं थोडंच लागायचं! बावीस वर्षांत सासू-सुनेने एकमेकींना जेवढे टोमणे मारले, तेवढे गोड शब्द नवरा-बायको जन्मात बोलत नसतील. “हे काय आणलंस? शेळीच्या तोंडचं काढून?” मग चष्मा नाकावर ओढून पाकिटावरचं मोठ्याने वाचणं, कारण वाचता येतं हे सुनेला रोज एकदा कळलं पाहिजे : “तीनदा धुतलेली... थेट खाण्यास तयार...” आणि जरा थांबून, “पुन्हा एकदा पाण्यातून काढू का गं?” जन्मभर प्रत्येक भाजी तीन पाण्यांतून काढलेली बाई ती. आणि मी — मीच — छाती पुढे काढून म्हटलं, “आई, हे आमच्या कारखान्यातलं आहे. आम्ही धुतो. तुमच्या घमेल्यातल्या पाण्याने उलट घाण व्हायचं.” म्हातारी हसली. “बरं बाई, तुझं म्हणजे डोळे मिटून,” म्हणाली, आणि लिंबू पिळून, मीठ लावून, हिरड्यांनी चघळत चघळत अख्खं पाकीट संपवलं. डोळे मिटून... नवव्या दिवशी मिटलेच. आधी रक्ताचे जुलाब, मग लघवी बंद, मग रक्त धुणाऱ्या त्या मशीनच्या नळ्या, आणि नळ्यांमधूनही तिचं चालूच, “बघ, मलाही धुवायला लागले.”

पुन्हा धुऊन काही फरक पडला नसता, हे ती जाणून होती. जंतू पानाच्या कापलेल्या कडेत घुसून बसतात, पाण्याला दाद देत नाहीत. जाणून होती. पण ‘धुवा’ म्हटलं असतं तर आज निदान... निदान काय? काही नाही. निदान म्हातारीचं ऐकलं असतं.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिचं काम साधं होतं. क्रेटमधून मूठभर पानं घ्यायची, जंतू वाढवणाऱ्या रसात घालून रात्रभर उबेत ठेवायची, सकाळी त्यात कागदी पट्टी बुडवायची. एक रेष आली तर माल जाऊ दे. दोन आल्या तर जंतू आहेत, थांबव. चारशे सतराच्या सकाळी दोन आल्या होत्या. दुसरी फिकी, पाटीवर पुसूनही उरलेल्या रेघेसारखी, पण होती. गुणवत्ता विभागाच्या साहेबांनी पट्टी खिडकीपाशी धरली.

“ही रेष म्हणायची? चष्मा लागलाय तुला.”

“दिसतेय, साहेब.”

“मला नाही दिसत. नमुना पुन्हा घे. वरच्या क्रेटमधनं घे.”

वरच्या, कारण खालच्या तोवर ट्रकमध्ये चढल्या होत्या. तिने वरच्यांतून घेतला. पट्टी कचऱ्यात टाकली, तीही तिनेच. दुसऱ्या सकाळी एकच रेष आली, तिने वहीत ‘पुनर्नमुना ठीक’ लिहून सही ठोकली, आणि त्याच संध्याकाळी वजनात कमी भरली म्हणून कामगारांना वाटलेल्या पाकिटांतली दोन घरी नेली. नेली, म्हणजे विश्वास होता तिचा. स्वतःच्या सहीवर! एक म्हातारीने खाल्लं. दुसरं, तेव्हापासून फ्रीजरमध्ये जपलेलं, आता तिच्या समोर, प्रयोगशाळेच्या ओट्यावर, वितळत होतं.

अकराला चव. हा इथला रिवाज : त्या दिवसाच्या मालातली पानं पांढऱ्या बशीत मांडून साहेबांच्या टेबलावर न्यायची, साहेबांनी खायची आणि फॉर्मवर चव, रंग, कुरकुरीतपणा भरायचा. तिने हातमोजे चढवले. सवय! वितळलेली पानं मलूल झाली होती, त्यांतली बरी चार निवडून तिने आजच्या करकरीत पानांच्या पोटात दुमडली. इतके दिवस छातीत कोंबून ठेवलेलं काहीतरी सैल होत, आळस देत, अंग पसरू लागलं होतं. पहिले दोन दिवस काही नाही व्हायचं. तिसऱ्या दिवशी पोटात पीळ. मग रक्त. मग ती फळं घेऊन भेटायला जाणार, खाटेशी बसणार आणि विचारलंच साहेबांनी, तू कशी इकडे, तर म्हणणार — केवळ खबरदारीचा उपाय म्हणून. हे वाक्य तिने इतक्यांदा घोळवलं होतं की ते तोंडात विरघळायला लागलं होतं.

साहेब फोनवर होते. तिने बशी ठेवली. त्यांनी फोन खांद्याने कानाशी दाबून फॉर्म ओढला. चव : उत्तम. रंग : उत्तम. कुरकुरीतपणा : उत्तम. सही. मग बशी दोन बोटांनी, मेलेली पाल सरकवावी तशी, टेबलाच्या कडेला सारली.

“खाल्लं नाहीत, साहेब.”

“अं? नाश्ता जड झालाय. ने.”

काल म्हणे दाढ दुखत होती. परवा घसा. त्याच्या आधी... ती बशी उचलून बाहेर आली आणि त्याच्या आधीचं आठवेना. सही करताना त्यांना तिने हजारदा पाहिलं होतं, चावताना?

“आण इकडं!” बोळाच्या तोंडाशी मावशी उभी होती. निवड-पट्ट्यावर पानं निवडणारी, पाठीत वाकलेली, तोंडाने तिखट. “वाटच बघत होते. सकाळपासनं पोटात कावळे कोकलतायत.”

“मावशी, हे —”

“उष्टं नाही गं, शिवलंय कुठे त्यांनी! गेल्या उन्हाळ्यापासनं एक पान मोडत नाही तो माणूस. सगळी बशी मला. देव भलं करो त्याचं.” आणि बोलता बोलता तिने घडीतलं पान उचललं, अगदी तेच, ओठांपाशी नेलं...

तिने फटका मारला. पान भिंतीला चिकटलं.

“अगं बया! एका पानासाठी हात उगारतेस? तुझी सासू बरी सोसायची तुला!”

मावशीच्या मनगटावर हळूहळू लाल रेष उठत होती. फिकी. होती पण. वरच्या क्रेटमधनं घे, असं कुणी तरी आत, तिच्याच आवाजात, म्हणून गेलं होतं, आणि ती म्हातारीच्या मारेकऱ्याला शोधत एकेचाळीस दिवस चालत चालत त्याच्याच खुर्चीत येऊन बसली होती. बशी वरून निघते, वर कुणी खात नाही, खाली येते. मावशीकडे येते. म्हातारीकडे येते. डोळे मिटून.

“मावशी, जा, हात साबणाने धुवा. तोंडाला लावू नका. जा म्हणते ना!”

“वेडी झालीस तू,” मावशी पुटपुटली, पण तिचा चेहरा बघून गेली.

गेल्या उन्हाळ्यापासून... चारशे सतरा तर पावणेदोन महिन्यांपूर्वीचा. म्हणजे त्याआधी कितीतरी लॉट, कितीतरी सकाळी, कितीतरी उत्तम-उत्तम-उत्तम, आणि प्रत्येक वेळी बशी बाजूला. म्हणजे पट्टी खिडकीपाशी धरली, तेव्हा रेष त्यांना दिसली होती. तिच्यापेक्षा स्वच्छ दिसली होती.

ती वळली. बशी हातातच होती, पण आतलं ते आळस देणारं जनावर कुठे गेलं कळेना. त्याच्या जागी काहीतरी कोरडं, ताठ, जागं उभं होतं. आता तिला साहेबांचं पोट नको होतं. तोंड हवं होतं. ते विचारतील, तुझी सही कुठाय — असू दे. तीही दाखवीन. आधी माझीच दाखवीन. तिने दार न वाजवता ढकललं, बशी फॉर्मवर ठेवली आणि त्यांच्या कानाचा फोन काढून बाजूला पालथा घातला.

“ही खायची नाही, साहेब. हात लावू नका. फक्त सांगा. गेल्या उन्हाळ्यात तुम्हाला काय कळलं, की तुम्ही खायचं सोडलंत आणि आम्हाला खाऊ दिलंत?”