वाफेचा ठराव

धाकटा बरा झाला. सात इंजेक्शनं झाली, तोंडातला फेस गेला, श्वासातली शिट्टी थांबली आणि सहाव्या आठवड्यात त्याने आख्खा उंदीर गिळून माझ्याकडे असं पाहिलं, जणू उशीर मीच केला होता. हे सगळं प्राण्यांच्या डॉक्टरांमुळे झालं.

आता हे विसरा. असं काही झालेलं नाही. मी सर्पपालक मंडळाचा सचिव आहे, मंडळाचं इतिवृत्त मी लिहितो, आणि त्या इतिवृत्तात यातलं एक अक्षरही नाही. तेव्हा धाकटा आजारी आहे, इथूनच सुरुवात करू.

धाकटा म्हणजे माझा बॉल पायथन. घाबरला की अंगाचा चेंडू करतो आणि डोकं मधे खुपसून बसतो, म्हणून जातीचं नाव तसं. आमच्या घरातले सगळे पुरुष संकटात हेच करतात, त्यामुळे आईला तो कधी परका वाटला नाही. त्याला धाकटा म्हणायचं कारण त्याच्या आधी थोरला होता. थोरला गेल्या वर्षी गेला.

त्या आठवड्यात धाकटा टाकीत मान वर करून बसायला लागला. तोंड किंचित उघडं, नाकपुडीशी बुडबुडा, आणि श्वास घेताना बारीक शिट्टी. आईने स्वयंपाकघरातून दोनदा विचारलं, "कुकर लावलाय का कुणी?" लावलेला नव्हता. थोरल्याचंही असंच सुरू झालं होतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळाची सभा असते. जागा म्हणजे एका फर्निचरच्या दुकानावरची खोली. खुर्च्या दुकानातल्याच, न खपलेल्या. त्यांच्यावरचं प्लास्टिक काढायचं नाही ही मालकाची अट. त्यामुळे कुणी हललं की करकर होते, आणि आमच्याकडे करकर म्हणजे अनुमोदन. असे बरेच ठराव पाठीला रग लागल्यामुळे मंजूर झालेत.

मंडळाचे नियम अकरा. त्यातले दोन सांगितले की पुरे. नियम तीन: सभासदाने आजारी सापाबाबत प्रथम मंडळाचा सल्ला घ्यावा, डॉक्टर हा अखेरचा उपाय समजावा, व शक्यतो समजू नये. नियम पाच: ज्या सापाविषयी ठराव करायचा वा बदलायचा, तो साप सभेस जातीने हजर असावा.

म्हणून मी धाकट्याला खोळीत घालून घेऊन गेलो. साप न्यायचा तो उशीच्या खोळीत, तोंडाला गाठ मारून. आमच्या सगळ्यांच्या खोळी एकाच निळ्या पट्ट्यांच्या कापडाच्या आहेत, कारण त्या मंडळातल्या शिंपीकाकांनी शिवून दिल्यात. दुहेरी शिवण, काठ आत मुडपलेला. आमच्या घरी माणसांच्या उशांना इतकं चांगलं काही मिळालेलं नाही.

मंडळाचा अध्यक्ष माझा मामा. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. त्याने भिंग डोळ्याला लावून धाकट्याचं तोंड बघितलं आणि मग कान जवळ नेला.

"शिट्टी कोण वाजवतंय?"

"धाकटा."

"सुरात आहे पण," शिंपीकाका म्हणाले.

"हवामान," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. बाई तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाल्या. सापाला काहीही झालं तरी त्या हवामानच म्हणतात. एकाच्या सापावर टाकीचं झाकण पडलं होतं, तेव्हाही म्हणाल्या होत्या.

मामाने मतदान घेतलं. आमच्याकडे निदान हात वर करून होतं. सर्दी, सात. हवामान, एक.

"उपाय?" मामाने विचारलं, आणि स्वतःच सांगितलं, "वाफ. प्लास्टिकच्या डब्यात, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं. लिहून घे."

मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. "मामा, एकदा डॉक्टरांना दाखवू या का?"

एकही खुर्ची वाजली नाही.

"डॉक्टरांना," मामा म्हणाला. "का रे, लंगडतो का तुझा साप?"

सगळे हसले. मंडळाच्या स्थापनेमागचा हा किस्सा आहे. पंधरा वर्षांपूर्वी मामा आपली कॉर्न स्नेक घेऊन दवाखान्यात गेला. तिथे एक छापील फॉर्म भरायला दिला. त्यात प्रश्न होता: लंगडतो का? होय / नाही. मामाने 'नाही'वर खूण केली, फॉर्म परत दिला, घरी आला आणि मंडळ स्थापन केलं.

संध्याकाळी घरी मी इतिवृत्त लिहायला बसलो. वही चाळता चाळता गेल्या वर्षीचं पान निघालं. बाब चार: सापास सर्दी असल्याचे बहुमताने ठरले, दिवसातून दोनदा वाफ द्यावी. अक्षर माझंच. आज त्याखाली नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहिलं असतं तरी भागलं असतं. पुढची पानं उलटली. थोरल्याला मी अडीच महिने वाफ दिली होती. ठरावात दहा मिनिटं म्हटलं होतं म्हणून घड्याळ लावून दहा मिनिटं, एकही दिवस न चुकवता. मग तो गेल्यानंतरच्या सभेची नोंद आली: सदर साप मूळचाच नाजूक असल्याने दगावला, असे सभा खेदपूर्वक नमूद करते. तेही मीच लिहिलं होतं. अक्षर जरा जास्तच नीट होतं.

टाकीत धाकटा मान वर करून शिट्टी वाजवत होता. मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी एका लिफ्टच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेतो. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला शांत राहायला सांगणं, हे माझं काम. सोमवारी सकाळी सुट्टी मिळत नाही, कारण रविवारभर बंद असलेल्या इमारतींत लोक सोमवारीच अडकतात. म्हणून मी आमच्याच तक्रार क्रमांकावर फोन केला आणि घरच्या लिफ्टमध्ये अडकलोय म्हणून सांगितलं. सहकाऱ्याने मला शांत राहायला सांगितलं. मेकॅनिक पंचेचाळीस मिनिटांत येईल म्हणाला. आम्ही सगळ्यांना हेच सांगतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

दवाखान्यात भिंतीला लागून लोखंडी बाक, जमिनीवर वजनाचा सपाट काटा आणि गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घातलेला एक खजील कुत्रा. काउंटरवर फॉर्म दिला. लंगडतो का? होय / नाही. पंधरा वर्षांत बदललेला नव्हता. मी 'नाही'वर खूण केली आणि बसायला वळलो.

बाकावर शिंपीकाका बसले होते. मांडीवर निळ्या पट्ट्यांची खोळ. खोळ हळूहळू कूस बदलत होती.

"काका, तुम्ही?"

"मानदुखी," ते समोर बघत म्हणाले. "उशी घेऊन हिंडावं लागतं."

"प्राण्यांच्या दवाखान्यात?"

"जवळ पडतो."

मी शेजारी बसलो. माझ्या मांडीवरच्या उशीने शिट्टी वाजवली. काकांनी सभ्यपणे ऐकलं नाही. तेवढ्यात दार उघडून भूगोलाच्या बाई आल्या. हातात तशीच खोळ. आम्हाला बघून त्या वळल्या, आणि भिंतीवरचा जंतांचा तक्ता नकाशा वाचावा तशा बारकाईने वाचू लागल्या.

मग आतल्या खोलीचं दार उघडलं आणि पाठमोरा मामा बाहेर आला. आत बघून तो म्हणत होता, "म्हणजे तिसरं गुरुवारी ना, डॉक्टर? आणि टाकीचं तापमान तेवढंच ठेवतो."

मग तो वळला. कुत्र्यासकट सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

मामा पंधरा वर्षं अध्यक्ष आहे, ते उगीच नाही. त्याने स्वतःच्या हातातलीसकट एकेक खोळ मोजली.

"सभेची गणपूर्ती किती?"

"चार," मी म्हणालो.

"झाली. सभा सुरू. विषय एक: आज इथे कुणीही कुणाला भेटलेलं नाही. सूचक मी."

शिंपीकाका बाकावर हलले. बाक लोखंडी, आवाज झाला नाही. पण अनुमोदन धरण्यात आलं.

"लिहून घे," मामा मला म्हणाला.

वही घरी होती. मी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं.

माझा नंबर आला. डॉक्टरबाई माझ्या आईच्या वयाच्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांनी गाठ सोडली, धाकट्याला एका हातावर घेतलं, आणि तो चेंडू करून परत सैल होईपर्यंत वाट बघितली. मग एका मऊ पट्टीने त्याचं तोंड उघडून आतला फेस कापसाच्या काडीवर घेतला, तो तपासायला ठेवला आणि वजन केलं. एक किलो तीनशे चाळीस.

"कधीपासून?"

"आठ दिवस."

"वाफ दिलीत?"

"नाही. ठराव झालाय, अंमलबजावणी व्हायची आहे."

"नका करू," त्या म्हणाल्या. "याच्या फुप्फुसात जंतू बसलेत. वाफेने ते कसले जातात? त्यांचीच सोय होते." मग सांगितलं: टाकीची उबदार बाजू एकतीसवर न्यायची, दर तीन दिवसांनी एक इंजेक्शन, अशी सात. सुई कशी धरायची ते दाखवलं. "पुढच्या भागात टोचायचं. शेपटीकडे टोचलंत तर औषध कामाला लागायच्या आधीच किडनीतून निघून जातं."

"वाचेल ना?"

"वेळेवर आणलात. वाचायला हरकत नाही."

मी खोळीची गाठ मारत होतो. ती नीट बसेना.

"डॉक्टर, गेल्या वर्षी अजून एक होता. हेच सगळं. त्याला अडीच महिने वाफ दिली."

त्यांनी हात धुतले, पुसले आणि टॉवेल दोरीवर टाकला. "त्यालाही असंच आठ दिवसांत आणला असतात, तर बहुतेक आज असता," त्या म्हणाल्या. मग माझ्या खोळीकडे बघून, "पण तुम्ही त्या मंडळातलेच ना? तुमच्या सभेच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे निळ्या खोळींची रांग असते. सहा वर्षं बघतेय. मला वाटायचं, तुम्ही सगळेच येता."

"सगळेच येतात," मी म्हणालो. "मी लिहीत असतो."

बाहेर पायऱ्यांवर मामा थांबला होता. आम्ही दोघं मधे एक खोळ जाईल एवढं अंतर ठेवून उभे राहिलो.

"तू थोरल्याला खरंच वाफ देत होतास?" त्याने विचारलं.

"ठरावात होतं."

"अरे, ठराव म्हणजे..." तो रस्त्याकडे बघत राहिला. "ठरावाचं काय. ते रविवारचं असतं. सोमवारी ज्याने त्याने यायचं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सचिव तू. मला वाटलं, तुला सगळं ठाऊक असणार."

"तीच तर गंमत आहे, मामा. मी वाचून बघितलं. कुठेच लिहिलेलं नाही."

मामाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग धाकट्याची खोळ माझ्या हातातून घेतली आणि मी स्कूटरचं कुलूप काढेपर्यंत दोन्ही खोळी छातीशी धरून उभा राहिला.

पुढचे तीन आठवडे दर तिसऱ्या दिवशी दुकान बंद करून तो आमच्याकडे आला. "जाता जाता आलो," म्हणायचा. त्याचं घर उलट्या दिशेला आहे. तो धाकट्याची मान धरायचा, मी टोचायचो, आई तोंड फिरवून चहा टाकायची. सातव्या इंजेक्शननंतर मामाने कान जवळ नेला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "काही ऐकू येत नाही." आमच्या घरात इतकी आनंदाची बातमी याआधी इतक्या निराश आवाजात दिली गेली नव्हती.

पुढच्या सभेत मी धाकट्याला नियम पाचप्रमाणे हजर केलं. मामाने भिंगातून पाहिलं, क्षणभर माझ्याकडेही पाहिलं, आणि सांगितलं, "लिही. वाफेने उतार पडला."

खुर्च्या करकरल्या. मी लिहिलं. मागच्या रांगेत नुकताच सभासद झालेला बेकरीवाला होता. तोही आपल्या डायरीत लिहून घेत होता. वाफ, त्याने लिहिलं. खाली रेघ मारली. सकाळ-संध्याकाळ, दहा मिनिटं.

सभा संपल्यावर जिन्यात मी त्याला गाठलं आणि दवाखान्याचा पत्ता दिला. "सोमवारी सकाळी या. उशी घेऊन."

"पण नियम तीन?"

"तो रविवारचा आहे."

मग घरी आलो आणि पुढील अर्ज लिहिला.

प्रति, माननीय अध्यक्ष, सर्पपालक मंडळ. सचिवांमार्फत.

विषय: मंजूर इतिवृत्तात दुरुस्ती करण्याबाबत.

महोदय, गेल्या वर्षीच्या इतिवृत्तात माझ्या थोरल्या सापाविषयी 'मूळचाच नाजूक' अशी नोंद आहे. अर्जदाराने ती स्वतः लिहिली असून ती खोटी आहे. साप मूळचा धडधाकट होता. त्याला सोमवारी कुणी नेलं नाही, एवढंच. तरी 'मूळचाच नाजूक' हे शब्द वगळून त्या जागी 'मूळचा धडधाकट' हे शब्द घालण्यात यावेत, ही विनंती. नियम पाचनुसार संबंधित सापाने या सभेस जातीने हजर असणे आवश्यक आहे, याची अर्जदारास जाणीव आहे. सदर सापास ते शक्य नसल्याने त्याच्यापुरती ही अट शिथिल करण्यात यावी, आणि तेही शक्य नसल्यास, तो येईपर्यंत हा विषय पटलावर ठेवण्यात यावा.