मी पडतो म्हणून आजी डुंबतात

मित्रांनो, या घरातील सर्वांचे प्राण माझ्या मुठीत आहेत. मी आहे म्हणून हे कुटुंब आहे. मी एक जुना खटका आहे. मागच्या अंगणातल्या भिंतीवर एका करड्या पेटीत मी राहतो आणि दर पंधरवड्याला माझ्या अंगावरची कोळ्याची जाळी झाडूच्या दांड्याने काढली जातात. झाडू तरी घ्यायचा, पण नाही, दांडाच.

वायरमन मला ईएलसीबी म्हणतात. घरात मला 'मेला खटका' म्हणतात. मला दोन्ही नावे चालतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली, शेजारी एक इवलीशी स्प्रिंग बसवली आणि मला परीक्षेला पाठवले. परीक्षेत आम्हा सर्वांना ओळीने उभे करून थोडी थोडी वीज चोरून दाखवत. जो खटकन खाली पडेल तो पास, जो ताठ उभा राहील तो नापास. शाळेत आणि कारखान्यात हाच मोठा फरक आहे, मित्रांनो. मी पहिल्या फटक्यात पडलो. बाई म्हणाल्या, "शाब्बास!" पडल्याबद्दल मला मिळालेली ती पहिली शाबासकी. पुढे बरीच वर्षे दुसरी मिळाली नाही.

माझे काम सोपे आहे. एका तारेने वीज जाते आणि दुसरीने परत येते. जेवढी गेली तेवढीच परत आली, तर मी गप्प उभा असतो. कमी आली, तर वाटेत ती कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जात आहे असे समजून मी पडतो आणि सगळे बंद करतो. तुमची पापणी लवायच्या आत. ती कोणाच्या अंगातून गेली, हे मात्र मला कळत नाही. मला फक्त वजाबाकी येते.

या घरी मी आलो तो आजींच्या गुडघ्यांमुळे. डॉक्टरांनी सांगितले होते की, गरम पाण्यात बसा, गुडघे मोकळे होतील. म्हणून आजींच्या मुलाने मागच्या अंगणात एक मोठा गरम पाण्याचा टब आणवला. तो आपोआप तापतो आणि त्यात बुडबुडेही येतात. आजोबा त्याला 'हंडा' म्हणत. "आता हिला उकडून काढणार का रे?" असे त्यांनी मुलाला विचारले तेव्हा त्यांच्या आवाजात काळजी किती आणि उत्सुकता किती, हे मला ओळखता आले नाही.

वायरमन आले. कानामागे पेन्सिल आणि तोंडात अखंड बडबड. त्यांनी सांगितले की, टबाला मुख्य बोर्डावरून स्वतःची वेगळी लाइन हवी, आणि खटक्याची पेटी टबातून दिसावी, पण टबात बसलेल्याचा हात तिला लागू नये.

तेवढ्यात आजींच्या सुनेचा भाऊ पुढे झाला. घरात त्याला सगळे 'होऊनजाईल' म्हणत, कारण तो कोणत्याही अडचणीवर हेच बोलत असे.

"कशाला एवढा खटाटोप, दाजी? स्वयंपाकघरातून एक एक्स्टेन्शन ओढू. होऊन जाईल!"

"होऊन जाईल खरं," वायरमन म्हणाले, "पण मग मला नका बोलावू, थेट डॉक्टरांना बोलवावं लागेल."

पेटीपासून टबापर्यंत केबल जमिनीखालून न्यायची होती. "गुडघाभर खोल चर, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पाइप," असे बजावून वायरमन दुसऱ्या कामावर गेले. चर मुलाने स्वतः खणायला घेतला. भिंतीपाशी तो गुडघाभर झाला, मध्ये पोटरीभर आणि टबापाशी घोटाभर. माणसाचा उत्साह मोजायचा असेल, तर त्याने खणलेला चर पाहावा. पाइपही शेवटी हातभर कमी पडला.

"आता दुकान बंद झालं असेल," मुलगा म्हणाला.

"टाका माती वर, दाजी. कोण उकरून बघतंय? होऊन जाईल!"

वायरमन परत आले तेव्हा चर बुजलेला होता. "पाइप पूर्ण घातलाय ना?" त्यांनी विचारले. "हो हो!" दोघे एका सुरात म्हणाले. ज्यांचे एरवी चहात साखर किती यावरही एकमत होत नसे, ते दोघे.

त्यानंतरची वर्षे सुखाची गेली. रोज दिवस कलला की आजी केस वर बांधून टबात उतरत. पहिली काही मिनिटे "आई गं" म्हणत आणि मग गाऊ लागत. आजींचे गाणे बुडबुड्यांमुळे नीट ऐकू येत नसे. त्यामुळे शेजारीही सुखात होते. घराच्या पायऱ्या कठडा धरून एकेक करून आडव्या चढणाऱ्या आजी आता सरळ चढू लागल्या. घरातील सर्वांनी टबाचे कौतुक केले. डॉक्टरांचे केले. मुलाचे तर फारच केले. मी भिंतीवर उभा होतो. पडायची वेळच आली नाही, तर खटक्याचे कौतुक कोण करणार?

मग आजोबांनी टोमॅटो लावले.

टबाशेजारी ऊन चांगले येते, म्हणून वाफा तिथेच केला. रोपांना आधार म्हणून लोखंडी सळ्या हातोडीने जमिनीत ठोकल्या. त्यातली एक सळई ठोकताना आजोबा पुटपुटले, "छे, ही वाकडी गेली," आणि उपटून बाजूला ठोकली. नेमके त्याच वेळी मी पडलो. टबावर झाकण होते, त्यामुळे कोणाला काही कळले नाही. दिवस मावळताना सुनेने मला वर केले आणि मी उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी आजी टबात बसल्या. गाणे धृपदापर्यंत आले आणि मी पडलो. बुडबुडे थांबले. गाणे थांबले नाही, त्यामुळे त्या दिवशी शेजाऱ्यांना ते प्रथमच पूर्ण ऐकू आले.

मग रोज तसेच होऊ लागले. दिवसभर मी ताठ उभा. आजी उतरल्या की थोड्या वेळाने खटकन खाली. मुलगा बाहेर येऊन मला वर करायचा, मी पुन्हा पडायचो. पाणी निवत जायचे.

"आई, तू उतरताना पाय आपटतेस का?"

"आपटायला गुडघे वाकायला नकोत का माझे?"

"आजी, राग मानू नका," होऊनजाईल म्हणाला, "पण टबाला वजनाची काही मर्यादा असते."

"म्हणजे माझ्याच पायगुणाने पडतो म्हणा की सरळ!"

आजींनी टबात उतरणे कमी केले. काही दिवसांतच त्या पायऱ्या पुन्हा आडव्या चढू लागल्या. मी ते पेटीतून पाहत होतो. रोज कुठेतरी वीज कमी येत होती आणि रोज मी पडत होतो. याहून जास्त मला काही करता येत नव्हते. बोलता आले असते, तर बोललो असतो.

एका दुपारी होऊनजाईलने माझ्यासमोर उभे राहून निकाल दिला. "दाजी, टबात काही बिघाड नाही. हा खटकाच रडका आहे. काढून टाकू आणि तारा थेट जोडू. रविवारी मी पकड घेऊन येतो. होऊन जाईल!"

काय होऊन जाईल, ते मला चांगलेच ठाऊक होते.

त्याच आठवड्यात आजीआजोबांचे भांडण झाले. टोमॅटोची रोपे सळ्यांना बांधायला आजोबांनी आजींच्या उशीचा सर्वांत मऊ अभ्रा फाडून पट्ट्या केल्या होत्या. आजी जे बोलल्या ते सगळे मी ऐकले आहे, पण मी सांगणार नाही. आजोबा रुसले. आजोबांची रुसण्याची एक रीत होती. रुसले की ते घरातल्या कोणत्याही कामाला हात लावत नसत, टोमॅटोंना पाणीसुद्धा घालत नसत. त्यामुळे त्यांचा रुसवा आधी रोपांच्या पानांवर दिसे आणि मग घरात कोणीतरी माफी मागे.

या वेळी आजींनी माफी मागितली नाही. त्या सरळ टबात जाऊन बसल्या. आणि मी पडलो नाही! गाणे धृपदाच्या पुढे गेले, दुसऱ्या कडव्यात शिरले. दुसऱ्या दिवशीही तसेच. पाने मात्र पार माना टाकून बसली होती. शनिवारी आजोबांना ते बघवेना. त्यांनी पाण्याची नळी आणली, वाफा भिजवला आणि मी पडलो.

टबात आजी ताठ बसल्या.

"अहो! तुम्ही रुसला होतात तेव्हा माझं पाणी कसं छान गरम होतं."

"मग आता काय, जन्मभर रुसून बसू?"

"तुम्हाला जड जाणार नाही ते. पण मला आधी एक सांगा, तुम्ही पाणी रोज कधी घालता?"

"तू उतरायच्या जरा आधी. का?"

आजी टबातून उठल्या. टॉवेल गुंडाळून थेट घरात गेल्या.

रविवारी दुपारी होऊनजाईल पकड घेऊन आला. माझ्या पेटीचे दार त्याने उघडले, आणि मागून आवाज आला, "हात मागे घे." आजी आल्या होत्या. कोरड्या कपड्यांत.

"टबात कोण आहे?" त्यांनी विचारले.

"कोणी नाही, आई," मुलगा म्हणाला.

"वर कर तो खटका." मला वर केले. मी उभा राहिलो. वाफा उन्हाने सुकला होता. "आता तुम्ही. घाला पाणी."

आजोबांनी नळी सोडली. पाणी मातीत मुरले. माझ्या हिशेबात तूट आली आणि मी पडलो. इतका खणखणीत मी कारखान्यातही पडलो नव्हतो.

आजी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता बोला. कोणाचा पायगुण?"

आजींनी मुख्य बोर्ड बंद करवला आणि वायरमनला बोलावले. त्यांनी वाफा उकरला. फार उकरावे लागले नाही. घोटाभर खोलीवरच उघडी केबल निघाली, तिच्या अंगावर सळईचा ओरखडा, आत तांबे चमकत होते आणि भोवती ओली माती.

"पाइप पूर्ण घातलाय म्हणाला होतात ना?"

मुलाने मेहुण्याकडे पाहिले. मेहुण्याने टोमॅटोकडे पाहिले.

वायरमननी मातीचा हात पुसला आणि माझ्याकडे बोट केले. "हा तिथून काढला असता ना, तर आज ती नळी धरून ओल्या मातीत उभे असलेले आजोबा..."

आजोबा पालथ्या बादलीवर मटकन बसले. आजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग हळूच म्हणाल्या, "रुसा हो तुम्ही. पाहिजे तेवढं रुसा. दुसरा अभ्रा पण देते."

नवी केबल आली. पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत आला. चर सगळीकडे गुडघाभर झाला आणि तो एकट्या होऊनजाईलने खणला. मध्येच त्याने कंबर धरली, तेव्हा त्याची बहीण खिडकीतून म्हणाली, "खण रे, होऊन जाईल!" टोमॅटो अंगणाच्या दुसऱ्या कडेला गेले आणि तिथे अधिकच माजले.

आता मी जुना झालो आहे. माझा पांढरा रंग पिवळा पडला आहे, पण स्प्रिंग शाबूत आहे. आजी रोज डुंबतात. आजोबा काठावर खुर्ची टाकून बसतात आणि गाण्यातल्या चुका काढतात. मी भिंतीवरून दोघांचे ऐकतो. आणखी काय हवे?

मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. तो पडला, तर त्याला रडका म्हणू नका, तो का पडला ते मोठ्यांना शोधायला सांगा. त्याच्या अंगावर एक छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते मोठ्यांना दाबायला लावा. तो पडला, तर निश्चिंत झोपा. पडला नाही, तर त्याला निरोप द्या आणि वायरमनला बोलवा. जो वेळेवर पडतो, त्याच्याच भरवशावर घर उभे असते.

आणि आजी, सोयीची उंची आहे हे मला मान्य आहे, पण तो ओला टॉवेल तेवढा माझ्या पेटीवरून काढून दोरीवर टाकता का?