नवऱ्याची मालकीण

टॅबिथा मॅस्लेनच्या हातून धुतलेला सदरा अंगात घातला की माणूस कप्तान दिसतो, असं कैद्यांच्या बेटावरच्या होबार्ट टाउनमधले लोक म्हणत. खळ नेमकी, नीळ नेमकी, गठ्ठा वेळेवर. पण गावात तिचं नाव झालं होतं ते धुण्यामुळे नव्हे, नवऱ्यामुळे. सरकारने तिला तिचा लग्नाचा नवरा गडी म्हणून नेमून दिला होता.

यात कायद्याच्या दृष्टीने वावगं काहीच नव्हतं. विलायतेहून काळ्या पाण्यावर आलेला प्रत्येक कैदी त्या बेटावर कुणा ना कुणा मालकाच्या पदरी बांधला जाई. मालकाने खायला-ल्यायला द्यायचं, गड्याने राबायचं, आणि गडी चुकला तर मालकाने त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. जेबेझ मॅस्लेन हा विलायतेतल्या विल्टशरचा चाकं घडवणारा सुतार. मळणीयंत्रं फोडणाऱ्या जमावाबरोबर धरला गेला आणि सात वर्षांची शिक्षा घेऊन इथे आला. मागाहून टॅबिथा आपखुशीने, मोकळ्या बायकांच्या जहाजातून आली, धुण्याचा धंदा मांडला आणि अर्ज केला. बायकोइतकी कडक राखण दुसरं कोण करणार, असा हिशेब करून सरकारने सही-शिक्क्यानिशी नवरा तिच्या हवाली केला.

विलायतेत लग्न लागलं की बायकोचं होतं नव्हतं ते सगळं नवऱ्याचं होतं. म्हणजे धुण्याचे हंडे कायद्याने जेबेझचे, आणि जेबेझ कायद्याने टॅबिथाचा. हे गणित सोडवायला कुणी शहाणा पुढे आला नाही. ज्यांचं पोट भरलेलं असतं ते कायदे करतात आणि ज्यांना त्यात राहायचं असतं त्यांनी आपापली वाट काढायची, ही रीत सगळ्या मुलखांत सारखीच.

"नाकापेक्षा मोती जड झालाय मॅस्लेनच्या," असं शेजारपाजारचे पुरुष म्हणायचे. टॅबिथाकडे इस्त्रीला असलेली ब्रिजेट क्विल्टी, आयर्लंडची, आपली शिक्षा भोगून सुटलेली, तिची तर जीभ इस्त्रीहून गरम.

"बाई," ती जेबेझला ऐकू जाईल अशी म्हणायची, "माझा क्विल्टी सरकारनं असा माझ्या हातात दिला असता ना, तर रोज चहाच्या आधी दोन फटके. गुन्हा मागाहून शोधला असता."

सुरुवातीला जेबेझही हसायचा. ओढ्यावरून पाणी आणायचं, सरपण फोडायचं, चादरी पिळायचे लाकडी रूळ दिवसभर फिरवायचे, हे त्याचं काम. रविवारी हजेरीला सगळे गडी रांगेत उभे राहत आणि त्यांच्या मालकांना विचारलं जाई, वागणूक कशी आहे. टॅबिथा म्हणायची, "चांगली." बाजूचे मालक मिशीत हसायचे. हळूहळू जेबेझचं हसणं थांबलं. सकाळी उठून तो दारात उभा राहून विचारी, "काय हुकूम?" आणि त्यात चेष्टा किती आणि खरं किती, हे तिला कळेनासं झालं.

मग एके दिवशी त्याचा सदरा भिजवताना तिला वास आला. ह्युऑन पाइनचा, होड्या बांधायच्या लाकडाचा. त्या लाकडाचा गोडसर, तेलकट वास एकदा नाकात बसला की जात नाही, आणि तिच्या दुकानात त्याची ढलपीसुद्धा नव्हती. बाहीच्या दुमडीत रंध्याचा पिवळा कीस निघाला. म्हणजे स्वारी कपडे पोचवायला जाते ती थेट घरी येत नाही, खाडीकाठी ट्रेगियरच्या होड्यांच्या कारखान्यात जाते.

तिने कीस चुलीत टाकला आणि काही विचारलं नाही. त्या आठवड्यात जेबेझ जेवताना गुणगुणत होता. पुढच्या आठवड्यात तिने त्याला मुद्दाम लांबची गिऱ्हाइकं नेमून दिली.

"सावकाश ये," ती म्हणाली. "घाई नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि गठ्ठा खांद्यावर घेतला. त्या घरात न बोलण्याची सवय दोघांनाही होती.

शिपायाने त्याला ट्रेगियरच्याच अंगणात, वाकसाने लाकूड तासत असताना पकडलं. बातमी घेऊन ब्रिजेट धावत आली, आणि त्या दिवशी तिने पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. मॅजिस्ट्रेटच्या कचेरीच्या पायऱ्या तिने स्वतः पुष्कळदा झिजवलेल्या. तिने टॅबिथाला स्टुलावर बसवलं.

"नीट ऐक बाई. ते विचारतील, तू पाठवलं होतंस का? हो म्हणालीस, तर परवानगीवाचून गडी दुसऱ्याला दिलास. तुझा गुन्हा. गडी काढून घेतील आणि जाईल तो बेड्या घालून रस्ते बांधणाऱ्या कैद्यांच्या टोळीत. मग कुठला नवरा अन् कुठलं काय."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर तो पळाला. त्याचा गुन्हा. फटके."

"ब्रिजेट, मला माहीत होतं गं. मीच लांब पाठवत होते."

"ते आता विसरायचं. आणि हे बघ, रडायचं नाही. दया मागायची नाही. तू रडलीस की साहेब म्हणणार, ही बायको आहे, मालकीण नाही, हिच्याच्यानं गडी सांभाळवायचा नाही. एवढंच म्हणायचं: शिक्षा करा, आणि माझ्याकडे परत पाठवा."

"मी त्याला मारा म्हणू?"

"तूच म्हणायचंस. दुसरं कोण म्हणणार? मालकीण तू."

इकडे आड, तिकडे विहीर. त्यात विहिरीतून निदान माणूस वर काढता येतो, असा विचार करून टॅबिथाने ते वाक्य पाठ केलं. इस्त्री करणाऱ्या ब्रिजेटपुढे उभी राहून तिने ते म्हटलं, पुन्हा म्हटलं, आवाज हलेनासा होईपर्यंत म्हटलं.

सकाळी कचेरीत गर्दी होती. असा खटला रोज थोडाच मिळतो. कारकुनाने विचारलं, फिर्यादी कोण, आरोपीची कोण लागते?

"बायको," टॅबिथा म्हणाली, आणि मागे हशा पिकला.

कारकून गोंधळला. तो मॅजिस्ट्रेटच्या कानाशी लागून म्हणाला की बायकोची साक्ष नवऱ्याविरुद्ध घेता येत नाही, विलायतेचा जुना नियम आहे. मॅजिस्ट्रेट वयस्क गृहस्थ, पूर्वी पलटणीत असलेले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बायको म्हणून ती इथे आलेलीच नाही," ते म्हणाले. "मालकीण म्हणून आली आहे. लिहा, मालकीण."

एका शब्दाने लग्न बाजूला झालं. चर्चमध्ये ज्याला मरेपर्यंतची मुदत दिली होती ते मोडायला त्या गृहस्थांना चष्मा पुसण्याइतकाच वेळ लागला, याचा संताप आजही येतो. पण टॅबिथाला तेव्हा संतापायलाही फुरसत नव्हती. समोर जेबेझ खाली मान घालून उभा होता, आणि त्याच्या केसांत लाकडाचा भुसा तसाच होता.

"तुम्ही याला ट्रेगियरकडे कामाला दिलं होतं?"

"नाही साहेब."

"तो तिथे जातो हे ठाऊक होतं?"

"नाही साहेब."

मॅजिस्ट्रेटनी मान हलवली. "बाई, तुम्हाला दोष देत नाही. पण तुम्ही काही झालं तरी काणाडोळा करणार. असा गडी तुमच्याकडे ठेवण्यात अर्थ नाही. सरकारने त्याला परत घेतलेला बरा."

पाठ केलेलं वाक्य म्हणायची वेळ हीच होती. टॅबिथाने तोंड उघडलं, आणि भलतंच बाहेर आलं.

"मी कुणाकडेही काणाडोळा करत नाही, साहेब. हा माणूस न सांगता जातो. ही त्याची जुनी खोड आहे. सांगितलं तर आपण अडवू, म्हणून सांगत नाही. हात धुवून, टोपी घालून निघून जातो, आणि मागे राहणाऱ्यांचं काय होतं ते बघायला हा तिथे नसतो. ज्याला भोगायचं तो भोगतो." तिने श्वास घेतला. "शिक्षा करा. आणि करून माझ्याकडे परत पाठवा. माझं काम पडलंय."

जेबेझची मान वर आली. कचेरीत कुणी हसलं नाही. एवढ्या गर्दीत त्या बोलण्याचा अर्थ दोघांनाच कळत होता.

विल्टशरमध्ये त्या नोव्हेंबरात तो असाच गेला होता. ताटातलं संपवलं, टोपी घातली आणि जमावात मिसळला. मजुरांच्या पोटावर पाय आणणारी यंत्रं फोडली त्यात टॅबिथाला काही चुकीचं वाटत नव्हतं. विचारलं असतं तर कदाचित जा असंही म्हणाली असती. पण त्याने विचारलं नाही. दंगेखोराच्या घरी गावाने दाणा घातला नाही. टॅबिथा तीन वर्षांच्या एनॉकला घेऊन निराधारांच्या सरकारी आश्रमाच्या दारात गेली, आणि बाहेर पडली ती एकटी. मूल गेल्याचं जेबेझला तुरुंगात कुणीतरी सांगितलं. इथे दोघं एका छपराखाली आल्यापासून त्याने तो विषय काढला नव्हता आणि तिनेही काढला नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार दोघंही खात होती, पण मार वेगवेगळा होता.

मॅजिस्ट्रेट खूश झालेले दिसले. पंचवीस फटके आणि गडी मालकिणीच्या स्वाधीन, असा हुकूम त्यांनी दिला. शिवाय मालकीण कशी असावी याबद्दल चार चांगले शब्दही बोलले.

दुपार कलताना जेबेझ चालत घरी आला. ब्रिजेटने जुनं मऊ कापड फाडून ठेवलं होतं, डुकराची चरबी पातळ करून ठेवली होती. त्याला पाहिल्यावर तिने शाल घेतली आणि निघून गेली. टॅबिथाने इस्त्रीचं लांब टेबल मोकळं केलं आणि तो त्यावर पालथा झोपला. सदरा पाठीला चिकटला होता. तो सुटेपर्यंत ती कोमट पाणी घालत राहिली.

"छान बोललीस," तो टेबलाकडे तोंड करून म्हणाला.

"ब्रिजेटनं शिकवलं होतं."

"सगळं?"

टॅबिथाने फडकं पिळलं. हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर सगळा दोष कायद्याच्या माथी मारून दोघांना पुढे जाता आलं असतं, आणि कायद्यानेही ते ओझं मुकाट उचललं असतं. त्याच्या पाठीवरचं एकेक वळ तिच्याच शब्दाने उठला होता, आणि तरीही ते शब्द बोलताना तिला बरं वाटलं होतं. हे त्याला कळलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "सगळं नाही."

तिने चरबीचा हात लावला तेव्हा त्याचे खांदे आकसले, पण तो ओरडला नाही.

"ते साहेबाला नव्हतीसच सांगत."

"नाही."

"मला वाटायचं, विषय काढला तर तू रडशील. म्हणून मी..." तो थांबला. "खोटं बोलतोय. मला वाटायचं, विचारलं तर तू सांगशील."

टॅबिथाचा हात त्याच्या पाठीवर तसाच राहिला.

"एनॉक कसा गेला, टॅबिथा?"

तिने हात पुसले. स्टूल ओढून टेबलाच्या टोकाशी आणलं आणि त्याचं तोंड जिथे होतं तिथे, त्याच्या डोळ्यांसमोर बसली. कचेरीत न हललेला तिचा आवाज आता पहिल्याच शब्दाला फुटला, आणि तिने तो फुटू दिला.

"पहिल्या दिवशीच त्यांनी आम्हाला वेगळं केलं," ती म्हणाली. "बायका एकीकडे, पोरं एकीकडे. मध्ये भिंत होती. इतकी पोरं खोकायची, पण मला त्यातला त्याचा खोकला ओळखू यायचा. मी भिंतीला कान लावून बसायचे. मग एके सकाळी तो ऐकू येईना. मला वाटलं, बरा झाला."

जेबेझने डोळे मिटले नाहीत.