शहामृगीची अक्कल

लेकी बोले सुने लागे म्हणतात. या घरात लेक नव्हती, म्हणून सासूबाईंनी शहामृगीला कामाला लावलं होतं. बाळाला घरी ठेवून सून पुन्हा बस चालवायला जाऊ लागली, तेव्हापासून त्या रोज सकाळी धर्मग्रंथातला तोच उतारा मोठ्यानं वाचायच्या. शहामृगी वाळूत अंडी टाकून जाते, पिल्लांशी परक्यासारखी वागते, कारण देवानं तिला अक्कलच दिलेली नाही. एवढं झालं की ग्रंथ मिटायचा. सुनेच्या नवऱ्याला नेमके तेव्हाच बाळाचे लंगोट धुवायचे असायचे. सून बुटाच्या नाड्या आवळायची.

मग सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं.

"आज तूच वाच," त्या म्हणाल्या. सुनेनं वाचलं, अगदी अकलेपर्यंत.

"बास. मिट आता."

"थांबा आई, पुढे आहे अजून." आणि तिनं खणखणीत आवाजात वाचलं, की हीच शहामृगी उठून धावायला लागली, की घोड्यालाही हसते आणि वरच्या स्वारालाही.

सासूबाईंनी बाळाला उचलून कडेवर घेतलं.

थोड्या वेळानं सुनेची बस घरासमोरून निघाली, तर पुढे एक मोटारसायकलवाला, रस्ता बापाचा असल्यासारखा, मधोमध रमतगमत चाललेला. तिनं हॉर्न दिला. तो ढिम्म! तेवढ्यात घराची वरची खिडकी धाडकन उघडली. डोळ्याला पट्टी, कडेवर बाळ, अशा सासूबाई अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या,

"टाक मेल्याला मागे!"