शेडमास्तरांचा डावा डोळा

"पिवळी मारतेय," मास्तर म्हणाले.

नुकत्याच निघालेल्या फोटोचा कोपरा चिमटीत धरून ते खिडकीशी उभे होते. फोटोत त्यांची नात झोपाळ्यावर बसून खिदळत होती. मास्तरांच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. त्यांनी कागद तिरपा केला, सरळ केला, डोळ्यांजवळ आणला, हातभर लांब धरला.

बायको टेबलाशी मटार सोलत होती. तिनं मान वर करून बघितलं. "मला तर बरी दिसतेय."

"बरी दिसून चालत नाही. बरोबर दिसायला पाहिजे."

"बरं," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

चौतीस वर्षं मास्तरांनी हेच वाक्य ऐकवून लोकांची तोंडं बंद केली होती. कापड गिरणीच्या रंगखात्यात शेडरूम म्हणून एक खोली होती. गिऱ्हाईकानं पाठवलेल्या नमुन्याशी आपण रंगवलेलं कापड जुळतंय की नाही, ते त्या खोलीत ठरायचं आणि ठरवायचे मास्तर. त्यांनी 'पास' म्हटलं की हजारो मीटर कापड पुढे जायचं. नुसती मान हलवली की सगळं परत हौदात. मशिनं आली, आकडे दाखवायला लागली, तरी मॅनेजर शेवटी विचारायचा, "मास्तरांनी बघितलंय का?" गिरणीत त्यांना कधी कोणी नावानं हाक मारली असेल, असं कोणाला आठवत नव्हतं.

निवृत्तीनंतरची सात वर्षं त्यांनी कशीबशी ढकलली. रंग ओळखणाऱ्या माणसाला घरात काय काम? भाजी पिकली की नाही, एवढंच बघायचं. मग दूरच्या शहरात राहणाऱ्या लेकीनं प्रिंटर पाठवला. नातीचे फोटो फोनवर यायचे आणि काचेवर बोट फिरवून नात बघणं मास्तरांना काही केल्या पटत नव्हतं. "फोनमधला रंग स्वतःचा उजेड घेऊन येतो," ते म्हणायचे. "त्याच्यावर काय विश्वास ठेवायचा! कागदावर उतरला तर खरा."

पण कागदावर तो उतरेना. पहिल्या दिवसापासून सगळं पिवळट. मास्तर कागदाच्या दुकानात गेले. "हा कागद पिवळा आहे हो तुमचा."

"काका, याच्यापेक्षा पांढरा कागद निघतच नाही," दुकानदार म्हणाला.

मास्तरांनी तिसऱ्या जातीचं पाकीट घेतलं आणि घरी येऊन जुन्या शिस्तीनं कामाला लागले. एका कागदावर एकाच फोटोच्या सहा छोट्या प्रती. दर प्रतीत निळा थोडा थोडा वाढवलेला. मागे पेन्सिलीनं आकडे. शाई पुरती वाळेपर्यंत निकाल द्यायचा नाही. दिव्याखाली बघायचं नाही, खिडकीशीच बघायचं आणि तेही सकाळी दहा ते बारा. बायकोनं नातीसाठी स्वेटर विणला होता, त्यातला उरलेला लोकरीचा गुंडा त्यांनी मागून घेतला आणि फोटोतल्या स्वेटरशेजारी धरून ते रंग जुळवत बसले. लोकर जुळली तरी गाल पिवळटच वाटायचे, म्हणून चौथ्या क्रमांकावरून पाचव्यावर, पाचव्यावरून सहाव्यावर. शेवटी एक दिवस ते खिडकीशी उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "पास!" बायको आतून धावत आली. तिला वाटलं, कोणी पडलं की काय.

नात पाच वर्षांची झाली, तेव्हा मास्तरांनी चाळीस फोटोंचा अल्बम पाठवला. तसाच दुसरा घरात ठेवला. पार्सल पोचल्यावर लेकीचा फोन आला.

"बाबा, किती खपलात हो!"

"ते सोड. रंग कसे आलेत?"

लेक क्षणभर थांबली. "छान आहेत. वेगळेच आहेत."

'वेगळेच' हे मास्तरांनी कौतुक म्हणून घेतलं आणि दोन दिवस ते फुशारकीत होते.

पुढच्याच महिन्यात ते पायरी चुकून पडले. लागलं फार नाही, पण बायकोनं धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि आजचा नाही. चांगला मुरलाय. आधी डावा करू, महिन्याभरानं उजवा."

डाव्या डोळ्यावरची पट्टी निघाली, तेव्हा मास्तरांना सगळं धुवून काढल्यासारखं लख्ख दिसलं. आजारपणातून उठल्यावर असंच वाटत असेल, असं त्यांनी धरलं. घरी येऊन कपडे बदलायला कपाट उघडलं आणि तिथंच थबकले.

"हा शर्ट कधी आणलास?"

"तुमचाच आहे तो. चार वर्षं अंगावर आहे."

"माझा मोतिया रंगाचा होता."

"पांढरा होता. पांढराच आहे."

मास्तर शर्ट घेऊन खिडकीशी गेले. मग भिंत बघितली, पलंगावरची चादर बघितली, बायकोचे केस बघितले. तिचे केस त्यांना पिवळसर वाटायचे, ते चांदीसारखे पांढरे होते. तेव्हा कुठं त्यांना काहीतरी सुचलं आणि त्यांनी अल्बम काढला.

पहिल्याच पानावर झोपाळ्यावरची नात. गाल निळसर, ओठ जांभळे. तासभर गार पाण्यात उभं करून मग हसायला सांगितल्यासारखं पोर दिसत होतं. मास्तरांनी पान उलटलं. बागेतली नात, निळी. केक कापणारी नात, निळी. केकसुद्धा निळा. त्यांनी तळहातानं डावा डोळा झाकला. उजव्या, जुन्या डोळ्याला सगळं अगदी बरोबर. मग उजवा झाकला. निळं. परत डावा. बरोबर. कितीतरी वेळ ते असं करत बसले.

बायको समोर येऊन बसली होती.

"तुला दिसत होतं?" मास्तरांनी विचारलं.

"दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं होतं की, मला बरी दिसतेय. तुम्ही म्हणालात, बरी दिसून चालत नाही."

मास्तरांनी मान खाली घातली. तिनं हात पुढे करून अल्बम मिटला. "अहो, गिरणी सुटल्यापासून पहिल्यांदाच तुम्ही सकाळी उठून घाईघाईनं आंघोळ करत होतात. दहाच्या आत खिडकीशी पोचायला. जेवताना बोलत होतात. म्हटलं, पोर निळी तर निळी. तिकडे आपली खरीखुरी नीट आहे ना, झालं."

"आणि लेक?"

"तिनं मला वेगळा फोन केला होता. म्हणाली, आई, बाबांना काही बोलू नकोस हं."

मास्तर हसले. हसता हसता चष्मा काढून डोळा पुसायला गेले, तर बायको ओरडली, "हात लावू नका! थेंब घालायचेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रिंटरमध्ये स्वतः वाढवलेलं, कमी केलेलं सगळं शून्यावर आणलं. कागद कुठल्या जातीचा ते यंत्राला सांगितलं आणि बटण दाबलं. झोपाळ्यावरची नात बाहेर आली. गुलाबी गाल, गव्हाळ हात, स्वेटर बरोब्बर लोकरीच्या गुंड्याचा. पहिल्याच फटक्यात. ज्या यंत्राशी ते इतके महिने झुंजले, त्याला मुळात काहीच झालं नव्हतं. यंत्र बरोबर होतं. कागद पांढरा होता. दुकानदार खरं बोलत होता.

तिथंच त्यांच्या मनात आलं, आणखी कोण कोण खरं बोलत होतं?

आणि मास्तर खुर्चीत बसले.

शेडरूममध्ये त्यांच्या हाताखाली एक मुलगी होती. खात्यात वयानं सगळ्यांत लहान, म्हणून तिला सगळे धाकटी म्हणायचे. रंगाची वजनं तीच करायची. नजर तयार होती. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना एका रुग्णालयाच्या गणवेशाचं फिकं निळं कापड निघालं. मास्तर पास म्हणाले. धाकटी म्हणाली, "मास्तर, हिरवट मारतंय."

"तुझं जेवढं वय आहे, तेवढी वर्षं मी कापड बघतोय," मास्तर म्हणाले. आजूबाजूचे हसले.

सगळं कापड परत आलं. हिरवट, म्हणून. मॅनेजरनं चौकशी लावली. मास्तर म्हणाले, "मी बघितलं तेव्हा बरोबर होतं." ते खोटं बोलले नव्हते. पण मास्तरांची नजर चुकणार नाही, असं एकदा धरल्यावर दुसरं कोणीतरी चुकायलाच हवं होतं. वजन धाकटीनं केलं होतं. तिला बांधणी खात्यात टाकलं, गठ्ठे बांधायला. वर्षभरानं ती सोडून गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. तेव्हा ते निरोप समारंभाच्या गडबडीत होते.

मास्तरांनी माळ्यावरून शेवटच्या वर्षाची वही काढली. निरोपाच्या दिवशी त्यांनी ती हौसेनं मागून घेतली होती. पानावर दोन तुकडे शेजारीशेजारी चिकटवलेले. डावीकडे गिऱ्हाईकाचा नमुना, उजवीकडे आपलं कापड, खाली त्यांची झोकदार सही. डाव्या डोळ्यानं बघायला एक क्षण पुरला. आंधळ्यालाही दिसावं इतकं हिरवट होतं.

तीन दिवस ते धड जेवले नाहीत. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "बसून काय होणार? जाऊन या."

"काय सांगू तिला?"

"जे झालं ते."

गिरणीच्या जुन्या पहारेकऱ्याला फोन करून पत्ता मिळाला. बसथांब्याच्या मागच्या गल्लीत धाकटीचं रफूचं दुकान होतं. दुकान कसलं, एक माणूस बसेल आणि एक उभा राहील एवढी जागा. भिंतीवर दोऱ्यांची रिळं, एका रंगातून दुसरा रंग निघावा अशी लावलेली. ती मान खाली घालून एका पॅन्टचं भोक बुजवत होती. कानशिलावर केस पिकले होते.

"या मास्तर," ती म्हणाली. आवाजात ना राग, ना आनंद. त्यांच्या अजून लालसर असलेल्या डाव्या डोळ्याकडे तिचं लक्ष गेलं. "डोळ्याला काय झालं?"

मास्तरांनी पिशवीत हात घातला. वही उघडून गल्ल्यावर ठेवली. तिनं पान बघितलं, मग वही उचलून दाराशी, उजेडात गेली. तिथं क्षणभर उभी राहिली.

"हिरवट आहे," ती म्हणाली.

"हो."

"तुम्हाला आता दिसलं?"

"गेल्या आठवड्यात. मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणतात, बरीच वर्षं असावा." मास्तरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "तू बरोबर होतीस. तू तेव्हाच सांगितलं होतंस. मी लिहून आणलंय. कापड माझ्या नजरेनं पास झालं, चूक माझी, वजनाची नाही. खाली सही केली आहे. गिरणीत नेऊन देतो, म्हणशील तिथं देतो."

तिनं कागद घेतला, सावकाश वाचला, पुन्हा वाचला. घडी घातली.

"आई रोज विचारायची," ती म्हणाली. "रोज, जेवताना. नीट वजन केलं होतंस ना गं? मी म्हणायचे, केलं होतं. मग शेवटी शेवटी मीच स्वतःला विचारायला लागले. काटा बघितला होता ना? डबा तोच होता ना?"

"आईंना दाखव हा कागद. मी येऊन सांगतो हवं तर."

"तिला जाऊन तीन वर्षं झाली, मास्तर."

बाहेर एक बस येऊन थांबली आणि निघून गेली. मास्तर म्हणाले, "मला माफ..."

"नको," ती पटकन म्हणाली. "ते नका विचारू. आज नको." मग वहीवर हात ठेवून, "वही राहू दे इथं?"

"तुझीच आहे."

तिनं कागद वहीत त्या पानावर ठेवला आणि वही रिळांच्या फळीवर, हाताशी येईल अशी ठेवली.

एवढ्यात एक बाई गडद कोट घेऊन आल्या. कोपराशी सिगारेटनं जळलेलं भोक होतं. "उद्या लागणार आहे हो," त्या म्हणाल्या. "काळाच दोरा लावा, चालेल."

"काळा नाही हा," धाकटी म्हणाली. तिनं फळीवरून तीन रिळं काढली. दुकानातल्या दिव्याखाली तिन्ही सारखीच दिसत होती. कोट जड होता. एका हातात तो आणि दुसऱ्या हातात दोरे, तिला जमेना. तिनं मास्तरांकडे बघितलं.

"जरा धराल? दाराशी. उजेडाकडे."

मास्तर पुढे झाले. दोन्ही खांदे धरून त्यांनी कोट दारात उंच केला. धाकटी जवळ आली आणि भोकाशेजारी एकेक दोरा टेकवून बघू लागली. पहिला. दुसरा. मग पुन्हा पहिला. मास्तरांच्या डाव्या डोळ्याला तिसरा दोरा बरोबर वाटत होता. ते काही बोलले नाहीत.

ती घाई करत नव्हती. मास्तरांचे हात भरून आले, पण त्यांनी ते खाली घेतले नाहीत.