शाडूने लिंपलेला सांधा

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची नळी आहे. पेणच्या रामवाडीत पोपटकाकांच्या गणपतीच्या कारखान्यामागे भिंतीला धरून असते. नळी म्हटलं की तुम्हाला पाणीच आठवणार! नाही हो. बाहेरचं यंत्र हवेतली ऊब गोळा करतं आणि माझ्यातून वाहणारा वायू ती आत, मूर्ती सुकवायच्या खोलीत पोचवतो. भर पावसाळ्यात शाडूच्या मूर्ती वाळतात त्या माझ्या जिवावर. पूर्वी तिथे शेगड्या पेटवत आणि काकांच्या पत्नी कृष्णाबाई धुराने खोकून बेजार होत. मी आले नि त्यांचा खोकला थांबला. याचा मला अभिमान आहे, लपवू कशाला?

पण मला बसवतानाच घिसाडघाई झाली. यंत्राला जोडण्यासाठी आमचं तोंड कर्ण्यासारखं फुलवतात आणि त्यावर नट आवळतात. त्या फिटरने नट असा रेटला की माझी कड चिरली. चीर ती केवढी, केसाएवढी. काही पावसाळे निभावले, मग ती वाढली, वायू गळू लागला आणि त्याच्याबरोबर यंत्रातलं तेल झिरपून नटाखाली डाग पडला.

डाग पोपटकाकांना दिसला. माणूस हाताचा मोठा गुणी. मूर्तीला तडा गेला तर शाडू भरून असा गुळगुळीत करतील की देवालाही कळू नये. तीच माया त्यांनी माझ्यावर केली. सांधा शाडूने लिंपला, वर रंगसुद्धा मारला. बघणाऱ्यांनी वाहवा केली. मी आपली आतून गळतच राहिले.

खोली थंड पडली. रोह्याच्या मंडळाची मोठी मूर्ती ओलसर राहिली आणि खांद्याला तडकली. काकांनी तो तडाही बुजवला. मंडळाची माणसं परवा न्यायला येणार होती.

यंत्र बघायला नमिता आली. धाटावच्या कारखान्यात शिफ्ट करून ही पोरगी अशी दुरुस्तीची कामं घेते. तिने शाडू खरवडला, साबणाचा फेस लावला, तर भराभर बुडबुडे! काका ओशाळले. म्हणाले, "मीच बुजवली व्हती गो बाय. वरून कायपन दिसत नव्हतं."

"वरून दिसलं नाय, म्हणूनच एवढे दिवस गळली, काका. चिरलेलं तोंड कापायलाच लागतं."

उरलासुरला वायू तिने काढून घेतला आणि मला कापलं. दुखलं का? दुखलंच. बोटभर कमी झाले. मग नट आधी चढवून तिने नवं तोंड फुलवलं, मापाच्या पान्याने बेताने आवळलं. पंप लावून माझ्या पोटातली हवा नि ओल शोषली, दाबाचा काटा हलत नाही ना ते बघत निवांत बसली, आणि मगच नवा वायू भरला. असा धीर मला आवडतो बाई!

काका सगळं बघत होते. ते उठले, मोठ्या मूर्तीपाशी गेले आणि तडा बुजवलेला हात तारेने कापून खांद्यापासून उतरवला. कृष्णाबाईंनी तोंडाला पदर लावला. मंडळाला आता काय सांगायचं, त्यांनी विचारलं.

"सांग, उशीर होईल. आरतीत हात गळून पडला तर काय सांगू मी त्यांना?"

मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंना कळ सांगता येत नाही. कुठे चिरलं, गळलं, तर वरून लिंपू नका, उघडून बघा. मी आता चांगली गरम आहे, आणि आत देवाचा नवा हात वाळतो आहे.