किलनावनच्या शेतातलं चर्च

चूक कबूल करणं उर्मिलाच्या जिवावर यायचं. पीएचडी झालेल्यांचा तो जुनाच आजार. तरी शनिवारी सकाळी बुओना व्हिस्टाहून बस पकडून ती बुकित तिमाहला सिस्टर नोरांकडे निघाली.

सिस्टर नोरा मूळच्या आयर्लंडच्या. सिंगापुरात येऊन साठ वर्षं झालेली, आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि आता कॉन्व्हेंटच्या वृद्धाश्रमात राहायच्या. उर्मिला जुन्या आयरिश नकाशांवरची गावांची नावं कॉम्प्युटरवर चढवते, हे एका व्याख्यानात कळल्यावर त्यांनी तिला गाठलंच. त्यांचं गाव किलनावन, इनमिन तेरा घरांची वाडी. नावाचा अर्थ नावन साधूचं चर्च, पण ते चर्च कुणीच पाहिलेलं नव्हतं. वाडीमागच्या काटेरी झुडपांच्या शेतात ते कधी काळी होतं का, एवढंच सिस्टरना हवं होतं.

त्या शेतात त्यांचा धाकटा भाऊ पुरलेला होता. जन्मल्यावर तासाभरात गेला, बाप्तिस्मा व्हायच्या आत. अशा बाळाला तेव्हा चर्चच्या दफनभूमीत जागा देत नसत. बाळ ठेवलेलं साबणाचं खोकं काखेत धरून वडील एकटेच गेले. "आपण त्याला रानात टाकून आलो," असं आई मरेपर्यंत म्हणत राहिली.

उर्मिलाने नकाशांवरून केलेली आपली यादी बघितली आणि फोनवर सांगून टाकलं, "नाही सिस्टर, तिथे काहीच नव्हतं." पलीकडून नुसतं "थँक यू" आलं.

ते थँक यू तिला चार दिवस छळत राहिलं. शेवटी तिने मूळ नकाशा उघडला आणि तोंड कुठे लपवावं ते कळेना. यादी करताना तिनेच नियम घातला होता, की जिथे भिंत उभी नाही ती जागा गाळायची. यादी छान सुटसुटीत झाली होती. गाळलेल्या जागांत किलनावनचं चर्चही गेलं होतं.

तिने नकाशाची प्रत सिस्टरांपुढे ठेवली.

"माझं चुकलं, सिस्टर. नीट न बघता बोलले. हा चर्चचा पाया. आणि त्याला लागून लिहिलंय, मुलांची दफनभूमी."

"मुलांची?"

"हो. बाप्तिस्मा न झालेली बाळं लोक मुद्दाम अशा जागी न्यायचे. चर्चची जुनी, पवित्र जमीन म्हणून. तुमच्या वडिलांना ठाऊक असणार."

सिस्टरनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "घर सोडताना आई म्हणाली होती, तू देवाच्या माणसांत चाललीस, तर आपलं बाळ देवाच्या जागेत आहे का, तेवढं विचार."

"मग विचारलंत?"

"कुणालाच नाही. नाही म्हणतील, ही भीती. तुलाच पहिल्यांदा विचारलं."

उर्मिलाला रडू फुटलं. साठ वर्षांनी एवढा धीर करून विचारलेल्या प्रश्नाला ती फोनवर, चहा ढवळता ढवळता, नाही म्हणाली होती.